‘तिले काय होते बाई!’

अमेरिकेतल्या एका उभ्या कड्यानं नुसत्या हातापायांनी चढू पाहणाऱ्या भल्याभल्यांना दाद दिली नव्हती. १९९३ मध्ये पाच फूट दोन इंच उंचीच्या लिन हिलनं तो सर केला. त्यानंतर तिला जे ऐकावं लागलं, ते मात्र आपल्या चांगलंच ओळखीचं आहे...

मैत्रिणींनो, एसटी स्टँडवर तान्ह्या बाळाला पाजण्यासाठी ठेवलेली छोटी खोली तुम्ही पाहिली असेल. दारावर पाटी असते, ‘हिरकणी कक्ष’. नावामागची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. रायगडाखालच्या वाडीतली ती गवळण. कोजागिरीला गडावर दूध घालायला गेली, सूर्य मावळला आणि दरवाजे बंद झाले. घरी तान्हं लेकरू. पहारेकरी काही दार उघडेनात. मग ती रात्रीच कडा उतरून घरी गेली. जिथून माणूस उतरूच शकत नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, तिथून एक बाई उतरली! महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरुज बांधून घेतला, असं आख्यायिका सांगते.

म्हणजे बघा, वाट सापडली आणि लगेच बंदही झाली. गडाच्या सुरक्षेसाठी ते योग्यच होतं म्हणा. पण मला नेहमी एक प्रश्न पडतो. त्या रात्री हिरकणीनं पाय कुठे टेकला, हात कशात अडकवला, कुठे घाबरली, हे तिला कुणी विचारलं असेल का? की ‘आईची माया’ एवढं म्हणून सगळे मोकळे झाले? माया तर होतीच. पण नुसत्या मायेनं कडा उतरता येत नाही. त्याला हातापायात ताकद लागते, डोकं शांत लागतं आणि दगडाची ओळख लागते. रोज तो डोंगर चढणाऱ्या-उतरणाऱ्या बाईकडे ती असणारच.

आज तुम्हाला अशा एका बाईची गोष्ट सांगायची आहे, जिनं हात कुठे अडकवला आणि पाय कुठे टेकला हे सगळं स्वतः लिहून ठेवलं. आपल्या भंडारा जिल्ह्यात असले कडे कुठले? आपल्याकडे धानाच्या बांध्या, तलाव आणि वैनगंगा. डोंगर म्हणायचा तर तुमसरकडचा आंबागड, नाहीतर महाशिवरात्रीच्या यात्रेला गायमुखला गेलो तर दिसतात तेवढे. तरीही ही गोष्ट आपल्या कामाची आहे. कशी, ते पुढे कळेलच.

शेगडीचे पाय

कॅलिफोर्नियात योसेमिटी नावाचं खोरं आहे. त्यात ‘एल कॅपिटन’ हा ग्रॅनाइटचा कडा उभा आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे ३,००० फूट. अंदाज यावा म्हणून सांगते, आपल्या रायगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण २,७०० फूट आहे. समुद्रकाठापासून रायगडाच्या माथ्यापर्यंतचा सगळा चढ एका भिंतीसारखा सरळ उभा केला, तरी हा कडा त्याच्यावर डोकं काढून उभा राहील! त्याच्या मधोमध नाकासारखी पुढे आलेली धार आहे. म्हणून त्या वाटेचं नाव ‘द नोज’.

१९५७ पर्यंत ही वाट कुणी चढलं नव्हतं. त्या वर्षी वॉरन हार्डिंग नावाच्या माणसानं ती मनावर घेतली. खडकाच्या भेगांमध्ये लोखंडी मेखा ठोकायच्या, त्यांना दोर आणि दोराच्या शिड्या अडकवायच्या आणि त्यांवर उभं राहून पुढची मेख ठोकायची, अशी ही पद्धत. पण खालच्या भागातली एक लांबलचक भेग इतकी रुंद होती, की बाजारातली कुठलीच मेख तिच्यात घट्ट बसेना. मग काय केलं असेल? एका मित्रानं भंगारातून जुन्या लोखंडी शेगड्यांचे पाय शोधून आणले. तेच मेखा म्हणून ठोकले आणि मंडळी वर सरकली. त्या भेगांना आजही ‘स्टोव्हलेग क्रॅक्स’, म्हणजे शेगडीच्या पायांच्या भेगा म्हणतात. चुलीजवळची वस्तू कुठे कामाला येईल, काही सांगता येत नाही!

खाली रस्त्यावर बघ्यांची इतकी गर्दी व्हायला लागली, की पर्यटकांच्या हंगामात चढायचं नाही, असं त्यांना उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. त्यामुळे काम लांबत गेलं. जवळजवळ दीड वर्षात, टप्प्याटप्प्यानं, चाळीसहून अधिक दिवस ही माणसं त्या भिंतीवर होती. शेवटच्या रात्री हार्डिंगनं डोक्याला दिवा बांधून रात्रभर खडकात २८ भोकं पाडली आणि १२ नोव्हेंबर १९५८ च्या सकाळी तो, वेन मेरी आणि जॉर्ज व्हिटमोर माथ्यावर पोचले. ही ‘नोज’ची पहिली चढाई. त्यांच्या हिमतीला तोड नाही.

पण एक गोष्ट शिल्लक होती.

चढणं म्हणजे नेमकं काय?

हार्डिंग आणि त्याचे साथीदार मेखांवर उभे राहून, दोर ओढून वर गेले होते. दगडावर नुसत्या हातापायांनी चढता येईल का, हा प्रश्न तसाच राहिला होता. अशा चढण्याला ‘फ्री क्लाइंबिंग’ म्हणतात. आपण मुक्त चढाई म्हणू. इथे एक गैरसमज होतो. मुक्त चढाई म्हणजे दोराशिवाय चढणं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. कमरेला दोर असतोच, खाली तो सांभाळणारा जोडीदारही असतो. पण दोर फक्त पडल्यावर झेलण्यासाठी. त्याला धरून वर जायचं नाही, मेखेवर पाय द्यायचा नाही.

लेक सायकल शिकते तेव्हा बाप मागून धावतो ना, तसंच हे. तोल गेला तर तो धरतो. पण त्यानं सीट धरून ठेवली असेल, तर ‘सायकल आली’ असं लेक म्हणू शकत नाही. धावणारा बाप असूनही सायकल तिची तिनेच चालवायची असते.

‘नोज’ची वाट एकूण तीसेक टप्प्यांची. एक टप्पा म्हणजे साधारण दोराच्या लांबीइतकी चढाई. जसजशी वर्षं गेली, तसतसे चांगले बूट आले, सरावाच्या पद्धती सुधारल्या आणि एकेक टप्पा मुक्तपणे चढता येऊ लागला. पण दोन जागा कुणालाच सोडत नव्हत्या. एक होती ‘ग्रेट रूफ’, म्हणजे मोठं छप्पर. सुमारे २,००० फुटांवर भिंतीतून बाहेर आलेला दगडाचा भलामोठा सज्जा आणि त्याच्या खाली बोटाचं टोक जेमतेम शिरेल अशी भेग. दुसरी त्याच्याही वर, ‘चेंजिंग कॉर्नर्स’. दोन गुळगुळीत भिंतींचा कोपरा, धरायला जवळपास काहीच नाही. एक एक करत नावाजलेले आरोहक येत, प्रयत्न करत आणि परत जात. नोजची मुक्त चढाई होणार कधी आणि करणार कोण, याची चर्चा वर्षानुवर्षं चालू होती.

सात भावंडांतली पाचवी

लिन हिलचा जन्म १९६१ चा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात वाढलेली, सात भावंडांतली पाचवी. लहानपणी ती जिम्नॅस्टिक्स करायची. चौदा वर्षांची असताना, १९७५ मध्ये, मोठ्या बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्यानं भावंडांना दगड चढायला नेलं आणि लिनला आपली जागा सापडली. आपल्याकडे होणारे भाऊजी मेव्हणीला सिनेमाला नेतात, त्यांनी कड्यावर नेलं, एवढाच फरक!

योसेमिटीत तेव्हा आरोहकांची एक टोळीच राहायची. तंबूत राहायचं, मिळेल ते खायचं आणि दिवसभर चढायचं. त्यात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. लिनला पैशांचीही ओढाताण होती. म्हणून तिनं टीव्हीवरच्या धाडसाच्या स्पर्धांमध्ये भाग घेतला आणि जिंकली. तिथे बायकांचं बक्षीस पुरुषांपेक्षा कमी का, हेही तिनं विचारलं.

पुढे युरोपात भिंतींवर चढण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. इटलीतल्या आर्को गावची ‘रॉक मास्टर’ ही त्यातली मानाची स्पर्धा तिनं पाच वेळा जिंकली. ठरावीक कठीण श्रेणीपलीकडे बाई कधी जाऊच शकणार नाही, असं भाकीत एका नामवंत फ्रेंच आरोहकानं केलं होतं. लिननं फ्रान्समधली त्याच श्रेणीची ‘मास क्रितिक’ ही वाट चढून दाखवली. त्या श्रेणीपर्यंत पोचलेली ती पहिली बाई.

अर्धवट राहिलेली गाठ

हे सगळं वाचून वाटेल, की ही बाई चुकतच नसेल. पण मे १९८९ मध्ये फ्रान्सच्या ब्यूक्स इथल्या कड्यावर तिनं चढायच्या आधी कमरपट्ट्यात दोर ओवला आणि गाठ पूर्ण करायच्या आतच तिचं लक्ष दुसरीकडे गेलं. बूट घालायचे होते, कुणाशी तरी बोलणं चाललं होतं. अंगात जाकीट असल्यामुळे अर्धवट गाठ झाकली गेली. वाट तशी तिच्यासाठी सोपी, सरावाची. ती वर पोचली, खाली उतरण्यासाठी दोरावर भार टाकला आणि दोर सुटून आला. सत्तर फुटांहून अधिक उंचीवरून ती खाली आली. झाडाच्या फांद्यांनी वेग कमी केला म्हणून वाचली. कोपराचा सांधा निखळला, पायाला मार लागला, पण जीव राहिला.

आपल्यालाही हे नवीन नाही. नवीन पदार्थ करताना आपण दहादा बघतो आणि रोजच्या कुकरची शिट्टी बघायला विसरतो. धोका बहुतेक वेळा सवयीच्या कामातच दबा धरून बसलेला असतो. आज जगभरात चढायच्या आधी दोघांनी एकमेकांची गाठ हात लावून तपासायची, असा नियम शिकवतात. चढणारा कितीही मोठा असो, त्याला सूट नाही. लिनच्या त्या पडण्याची गोष्ट त्यासाठी आजही सांगितली जाते.

ती बरी झाली आणि त्याच वर्षी पुन्हा स्पर्धेत उतरली. तिथेच तिची सायमन नॅडिन या इंग्लिश आरोहकाशी गाठ पडली. ‘नोज मुक्तपणे चढून बघू या का?’ असं ठरलं आणि दोघं योसेमिटीला गेलेही. पण वरच्या त्या कोपऱ्यानं त्यांना परत पाठवलं.

छप्पर आणि कोपरा

चार वर्षांनी, १९९३ मध्ये, लिन पुन्हा आली. या वेळी सोबत होता ब्रूक सँडल. तिनं आता अवघड जागेचा अभ्यास केला. माथ्यावरून दोरानं खाली उतरून तिनं काही दिवस ‘चेंजिंग कॉर्नर्स’मध्ये नुसत्या हालचाली शोधल्या. इथे धरायला काही नाही, मग शरीर अडकवायचं कसं? पाठ एका भिंतीला, हात-पाय दुसऱ्या भिंतीला, कधी तळवा उलटा, कधी ढोपर, कधी कोपर. दाब कमी झाला की घसरलो आणि जास्त झाला की दम संपला. एक एक हालचाल जुळवत, शेवटी त्या काही फुटांमध्ये स्वतःला गोल फिरवून घेण्याची विचित्र युक्ती तिला सापडली. कुणाचं बघून ती करता येण्यासारखी नव्हती, कारण आधी कुणी केलीच नव्हती.

मग दोघं पायथ्यापासून निघाली. चार दिवस. दिवसा चढायचं, रात्री भिंतीवरच झोपायचं. वर नेलेलं पाणी मोजून प्यायचं. ‘ग्रेट रूफ’खाली ती आली तेव्हा ताकद संपत चालली होती. सज्ज्याच्या खालून आडवं सरकायचं, बोटांची टोकं त्या चिंचोळ्या भेगेत, पाय जवळजवळ गुळगुळीत दगडावर. पाय सटकले, शरीर हललं, पण बोटं निघाली नाहीत. ते छप्पर पार झालं. मग वरचा कोपरा. तोही झाला. पहिल्या चढाईनंतर पस्तीस वर्षांनी नोजची पूर्ण वाट हातापायांनी चढून झाली आणि माथ्यावर एक बाई उभी होती.

एवढ्यावर ती थांबली नाही. पुढच्या वर्षी तिनं ठरवलं, की हेच सगळं चोवीस तासांच्या आत करायचं. पहिला प्रयत्न फसला. उन्हानं हैराण होऊन अर्ध्यातून परतावं लागलं. मग सप्टेंबर १९९४ मध्ये रात्री दहाच्या सुमारास चांदण्यात तिनं सुरुवात केली. रात्रभर आणि पुढचा दिवसभर ती चढत होती. या वेळी सगळे टप्पे तिनं एकटीनंच पुढे राहून चढले, जोडीदार स्टीव्ह सटन दोर सांभाळायला होता. तेवीस तासांनी ती माथ्यावर होती. ज्या कड्यावर पहिल्यांदा चाळीसहून अधिक दिवस लागले होते, तिथे एक रात्र आणि एक दिवस!

‘तिची बोटंच बारीक!’

आता येते आपल्या ओळखीची गोष्ट.

कौतुक तर झालंच. पण त्यासोबत एक कुजबुजही सुरू झाली. ‘अहो, तिची बोटंच बारीक. त्या भेगेत तिची बोटं शिरतात, आमची शिरत नाहीत. म्हणून जमलं तिला.’

ऐकल्यासारखं वाटतंय ना? बचत गटातल्या बाईनं पापड-लोणच्यांचा धंदा नावारूपाला आणला, की आपल्याकडे लगेच म्हणतात, ‘तिले काय होते बाई, तिच्या घरी सासूच नाही!’ गावातली पोरगी पोलीस भरतीत लागली, की ‘तिची उंची चांगली होती’. सरपंचबाईनं नळयोजना आणली, की ‘आरक्षण होतं म्हणून खुर्ची मिळाली’. आणि हे म्हणणारे फक्त पुरुष असतात असंही नाही. रोवणीच्या वेळी बांधीत वाकल्या वाकल्या आपणही हे बोलतोच.

बोटांचा उपयोग झाला का? झालाच. खोटं कशाला बोलायचं? त्या एका भेगेत बारीक बोटं कामी आली. पण तीस टप्प्यांपैकी बोटांची भेग कितीशी? पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला इतर किती ठिकाणी हात पुरला नसेल, याचा हिशेब कुणी मांडला? जिथे सहा फुटी माणूस हात वर करून चांगली खोबण पकडतो, तिथे तिला मध्ये कुठेतरी नखाएवढ्या कपारीवर दोन जास्तीच्या हालचाली कराव्या लागतात. उंच माणूस चढला तेव्हा ‘तो उंच होता म्हणून’ असं कुणी म्हटलं नाही. त्याची उंची म्हणजे त्याची ताकद आणि तिची बोटं म्हणजे तिचं नशीब!

बरं, बारीक बोटांच्या बाया जगात काय थोड्या आहेत? त्यांच्यातली त्या छपराखाली पोचलेली कोण होती? अठरा वर्षांचा सराव, एक जीवघेणं पडणं, एक फसलेला प्रयत्न आणि त्या कोपऱ्यात लटकून काढलेले दिवस हे सगळं ‘बोटं बारीक’ या दोन शब्दांत गुंडाळून ठेवलं की समोरच्याचं काम सोपं होतं. त्याला स्वतःला काही करायला नको.

या कुजबुजीचं उत्तर शेवटी कड्यानंच दिलं. ‘बोटांमुळे जमलं’ म्हणणाऱ्यांपैकी कुणी लगेच ती वाट चढून दाखवली नाही. १९९८ मध्ये स्कॉट बर्क या आरोहकानं तीन वर्षांत २६० हून अधिक दिवस खर्ची घालून ती जवळपास साधली. छपराचा टप्पा ओला होता, तेवढा त्याला वरून सोडलेल्या दोराच्या आधारावर करावा लागला. पुढे २००५ च्या ऑक्टोबरमध्ये टॉमी काल्डवेल आणि बेथ रॉडन या तेव्हाच्या पती-पत्नीनं मिळून ती पूर्ण केली. त्याच महिन्यात टॉमीनं ती बारा तासांच्या आत पुन्हा केली. आणि गंमत ऐका. या टॉमीच्या डाव्या हाताची तर्जनी २००१ मध्ये करवतीच्या यंत्रात तुटली होती. म्हणजे नऊ बोटांचा माणूस! बोटांचीच गोष्ट असती, तर हा चढलाच नसता.

बेथ रॉडनची तर आणखी एक गोष्ट आहे. २००८ मध्ये तिनं योसेमिटीतच ‘मेल्टडाउन’ नावाची एक अतिशय कठीण भेग पहिल्यांदा चढली. त्यानंतर तब्बल दहा वर्षं, २०१८ पर्यंत, ती दुसऱ्या कुणालाच पूर्ण करता आली नाही.

लिन हिलनं २००२ मध्ये आपलं आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. हात कुठे, पाय कुठे, भीती कुठे, चूक कुठे, सगळं तिच्याच शब्दांत. हिरकणीला जे मिळालं नाही, ते हेच.

आपल्या विदर्भातल्या पोरी

‘हे सगळं अमेरिकेत ठीक आहे हो’, असं तुमच्या मनात आलं असेल, तर जरा शेजारच्या जिल्ह्यांकडे बघा. २०१८ च्या मे महिन्यात ‘मिशन शौर्य’ या मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. त्या पाचांत एक मुलगी होती, मनीषा धुर्वे. त्याच्या चार वर्षं आधी, २५ मे २०१४ ला, तेलंगणातली मालावत पूर्णा एव्हरेस्टवर उभी होती. वय तेरा वर्षं अकरा महिने. शेतमजुरी करणाऱ्या आईबापांची ही लेक, सरकारी निवासी शाळेत शिकणारी. तिचे पहिले धडे कुठे झाले ठाऊक आहे? हैदराबादजवळच्या भोंगीरच्या किल्ल्याचा जो प्रचंड खडक आहे, त्यावर. बर्फ नंतर आला, आधी दगड! साताऱ्याच्या प्रियांका मोहितेनं २०२१ मध्ये अन्नपूर्णा शिखर गाठलं, ते करणारी ती पहिली भारतीय बाई.

दगड चढणं हा आता नुसता छंदही राहिलेला नाही. टोकियोत २०२१ मध्ये झालेल्या ऑलिम्पिकपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला आहे. त्याआधी २०१६ मध्ये या खेळातली एक विश्वचषक स्पर्धा आपल्या नवी मुंबईत भरली होती. १९५४ पासून काम करणाऱ्या ‘गिरिविहार’ या मुंबईच्या संस्थेनं ती भरवली.

मुलीला शिकायचं असेल तर...

लेक, भाची, नात, कुणी ‘मला डोंगर चढायचाय’ म्हणाली, तर पहिली गोष्ट म्हणजे तिला हसू नका. दुसरी गोष्ट, तिला एकटीला आंबागडाच्या तटावर किंवा गिट्टीच्या खदानीत चढायला सोडू नका. दोर, डोक्यावर हेल्मेट आणि शिकवणारं जाणतं माणूस या तीन गोष्टी नसतील, तर दगडाला हात लावायचा नाही. पडण्याला वय आणि हौस कळत नाही.

रीतसर शिकवणाऱ्या संस्था आपल्या देशात आहेत. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये सुरू झाली आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग १९६५ मध्ये. तिथला पहिला अभ्यासक्रम सुमारे महिनाभराचा असतो आणि त्यात दगड चढण्याचं शिक्षण येतंच. काही तुकड्या खास मुलींच्याही असतात. वयाची अट, वैद्यकीय तपासणी आणि फी यांची माहिती थेट संस्थेकडूनच घ्यावी. अर्ज बऱ्याच आधी करावा लागतो, कारण जागा लवकर भरतात. तोवर घरी काय करता येईल? पळणं, दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार आणि झाडाच्या फांदीला लटकून अंग वर ओढणं. त्याला एक पैसाही लागत नाही. शाळेतल्या एनसीसीत नाव घातलं, तर पुढे शिबिरांच्या वाटाही उघडतात.

आणि एक काम आपल्या सगळ्यांसाठी. पुढच्या वेळी गावातल्या एखादीनं काही मिळवलं आणि ‘तिले काय होते बाई’ हे शब्द ओठांवर आले, तर ते तिथेच थांबवा. त्याऐवजी तिच्या घरी जा, चहा घ्या आणि विचारा, ‘कसं केलंस गं? कुठे अडलीस? कोणी हात दिला?’ ती सांगेल. कदाचित तिला हे विचारणाऱ्या पहिल्या तुम्हीच असाल. आणि शेजारी बसून तिची पोरगी सगळं ऐकत असेल.